जबड्याच्या सांध्याचे विकार आणि दातांची बैठक : कार्यकारणसंबंधाची एक तपासणी

प्रस्तावना

मराठी भाषेने जबड्याची नोंद फार बारकाईने घेतली आहे. 'दातखीळ बसणे', 'दातओठ खाणे', 'आ वासणे', 'दातांच्या कण्या करणे' या वाक्प्रचारांतून भीती, संताप, आश्चर्य आणि निष्फळ विनवणी व्यक्त होते. मनाचा ताण जबड्यातून प्रकट होतो हे लोकानुभवाला पूर्वीपासून ठाऊक होते. वैद्यकशास्त्राला मात्र हा संबंध मान्य करण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. तोपर्यंत जबड्याच्या सांध्याच्या दुखण्याचे मूळ जवळजवळ सर्वस्वी दातांमध्ये शोधले जात होते.

कानापुढे दुखणे, तोंड उघडताना 'कट्' असा आवाज येणे, जांभई देताना जबडा अडकणे, सकाळी उठल्यावर गाल व कानशिले जड वाटणे या तक्रारी अनेकांना असतात. विविध देशांतील पाहण्यांनुसार सुमारे ५ ते १२ टक्के लोकसंख्येत हे विकार आढळतात. वीस ते चाळीस या वयोगटात त्यांचे प्रमाण अधिक असून स्त्रियांमध्ये ते पुरुषांपेक्षा जास्त दिसते. अशा रुग्णाला पुष्कळदा सांगितले जाते, की वरचे आणि खालचे दात एकमेकांवर नीट बसत नसल्यामुळे सांधा दुखतो. त्यापुढचा सल्ला दात झिजवून जुळविण्याचा, अनेक दातांवर टोप्या बसविण्याचा किंवा तारा लावण्याचा असू शकतो. झिजविलेला दात पुन्हा वाढत नाही. म्हणून हे निदान कितपत खरे आहे, हा प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा राहत नाही.

प्रस्तुत लेखाचा उद्देश दातांची बैठक आणि जबड्याच्या सांध्याचे विकार यांच्यातील संबंधाबद्दल आज उपलब्ध असलेले ज्ञान दंतवैद्यकेतर अध्यापकांपुढे मांडणे आणि सिंधुदुर्गाच्या किनारपट्टीच्या संदर्भात त्याचा अर्थ तपासणे हा आहे. दवाखान्याच्या बोलीतील 'बाइट' या शब्दासाठी येथे 'दातांची बैठक' किंवा नुसते 'बैठक' असा शब्द योजला आहे.

१. सांध्याची रचना व कार्य

कानाच्या छिद्रासमोर बोट ठेवून तोंड उघडले असता जे हाड पुढे सरकल्यासारखे जाणवते, ते खालच्या जबड्याचे गोलसर टोक होय. हे टोक कानशिलाच्या हाडातील खोबणीत बसते. दोहोंच्या मध्ये तंतुमय ऊतीची एक चिवट चकती असते. गुडघा किंवा कोपर यांच्या तुलनेत या सांध्याची तीन वैशिष्ट्ये ध्यानात घेण्याजोगी आहेत.

पहिले म्हणजे येथे दोन हालचाली एकत्र होतात. तोंड उघडताना टोक आरंभी बिजागरीसारखे फिरते आणि नंतर चकतीसह पुढे घसरते. चकती आपल्या जागेवरून किंचित पुढे सरकलेली असेल, तर टोक तिच्याखाली परत शिरताना आवाज होतो. केवळ असा आवाज, वेदना किंवा अडथळा नसताना, उपचारास पात्र मानला जात नाही. दुसरे म्हणजे डावा आणि उजवा सांधा एकाच हाडाने जोडलेले असल्यामुळे एक दुसऱ्याला सोडून हलू शकत नाही. तिसरे म्हणजे या सांध्याची मिटण्याची सीमा दात ठरवितात. दात एकमेकांवर टेकले की हालचाल थांबते. बैठक आणि सांधा यांचा कार्यकारणसंबंध प्रथमदर्शनी स्वाभाविक वाटतो तो या तिसऱ्या वैशिष्ट्यामुळेच.

येथे एक गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. जबडा स्वस्थ असताना ओठ मिटलेले असले तरी दात एकमेकांना टेकलेले नसतात. त्यांच्यात दोन ते चार मिलिमीटरचे अंतर असते. चावणे व गिळणे धरूनही दिवसभरात दातांवर दात टेकण्याचा एकूण काळ काही मिनिटांचाच भरतो. म्हणजे निरोगी माणसाची बैठक कशीही असली, तरी तिचा भार सांध्यावर फार थोडा वेळ पडतो. हा काळ तासांवर गेला, तर तो का गेला हे आधी विचारले पाहिजे.

२. 'आदर्श' बैठक ही संकल्पना

अमेरिकी दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये वरच्या व खालच्या पहिल्या दाढांच्या परस्परस्थितीवरून बैठकीचे तीन वर्ग केले. हे वर्गीकरण आजही वापरात आहे. पुढचे दात अधिक पुढे येणे, समोरच्या दातांमध्ये फट राहणे, वरच्या दातांनी खालचे दात जवळजवळ झाकले जाणे, एका बाजूची बैठक उलटी असणे असे अनेक प्रकारही वर्णिले जातात.

तथापि वर्गीकरण हे वर्णनाचे साधन असते, आरोग्याचा निकष नव्हे. पाठ्यपुस्तकातील आदर्श बैठक असलेली माणसे समाजात अल्पसंख्य आहेत, आणि तशी बैठक नसलेली बहुसंख्य माणसे कोणत्याही वेदनेशिवाय आयुष्यभर जेवतात, बोलतात व गातात. मालवणचा खडखडे लाडू फोडून खाणाऱ्या सगळ्यांच्याच दाढा अँगलच्या पहिल्या वर्गात बसत असतील, असे मानण्याचे कारण नाही. आदर्शापासूनचे अंतर म्हणजे रोग, असे समीकरण मांडले की निम्म्याहून अधिक समाज रुग्ण ठरतो.

३. 'बैठक हेच कारण' या मताचा उगम

सांधा आणि दात यांना एकत्र पाहण्याची दृष्टी आपल्याकडे प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मुखरोगांचे वर्णन करताना दातांचे आठ रोग सांगितले असून त्यांत 'हनुमोक्ष' म्हणजे जबड्याचा सांधा सुटणे याचीही गणना केली आहे. मात्र त्याचे कारण म्हणून दातांची ठेवण नव्हे, तर वात सांगितला आहे. चिकित्सास्थानात निखळलेला जबडा शेकून जागेवर आणावा व विशिष्ट बंधाने बांधावा, असा उपाय आहे. 'हनु' म्हणजे जबडा. आपली 'हनुवटी' त्याच शब्दापासून आली, आणि इंद्राच्या वज्राने हनु भंगली म्हणून हनुमान हे नाव पडल्याची कथा रामायणात आहे.

आधुनिक काळात दातांवर ठपका ठेवण्याचे श्रेय सामान्यतः सेंट लुइस येथील कान-नाक-घसा तज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांच्याकडे जाते. १९३४ मध्ये त्यांनी अकरा रुग्णांच्या निरीक्षणावरून असे मत मांडले, की मागच्या दाढा गेल्यामुळे जबडा प्रमाणाबाहेर मिटतो, त्याचे टोक मागे सरकून कानाजवळच्या नसांवर दाब देते आणि त्यातून कानदुखी, बहिरेपणा, चक्कर अशा तक्रारी उद्भवतात. शरीररचनाशास्त्रज्ञांनी पुढे हा दाब रचनेच्या दृष्टीने संभवत नसल्याचे दाखविले. परंतु 'कॉस्टेन सिंड्रोम' हे नाव रुळले आणि त्यामागची कल्पनाही टिकून राहिली. पुढील काही दशकांत बैठक सूक्ष्मपणे मोजून दात जुळवून देणे हे दंतवैद्यकाचे एक मोठे क्षेत्र झाले.

हे मत टिकण्याची कारणे समजण्यासारखी आहेत. ते यंत्राच्या उपमेत सहज बसते. बैठकीतील दोष डोळ्यांना दिसतो, ताण दिसत नाही. दंतवैद्याच्या हाती जी साधने असतात ती दातांचीच असतात. आणि उपचारानंतर पुष्कळ रुग्णांना खरोखरच बरे वाटते. हे शेवटचे कारण सर्वांत प्रभावी ठरले, म्हणून त्याची कसोटी घेणे सर्वांत आवश्यक होते.

४. मताची कसोटी

१९७६ मध्ये शिकागो येथील गुडमन, ग्रीन आणि लॅस्किन यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. जबड्याच्या स्नायूंच्या दुखण्याने त्रस्त असलेल्या पंचवीस रुग्णांवर दात जुळविण्याचा केवळ देखावा करण्यात आला. यंत्र चालविले, आवाज झाला, पण बैठक बदलण्यात आली नाही. तरीही पंचवीसपैकी सोळा रुग्णांच्या, म्हणजे ६४ टक्क्यांच्या, तक्रारी पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण नाहीशा झाल्या.

या प्रयोगाचा अर्थ रुग्ण ढोंगी होते, असा मुळीच नाही. हे दुखणे चढउताराचे असते. माणूस वेदना शिखरावर असताना दवाखान्यात जातो, त्यामुळे त्यानंतर काहीही केले तरी उतार पडण्याची शक्यता अधिक असते. शिवाय कोणीतरी आपले ऐकून घेतले, निदान सांगितले, उपाय केला, याचाही वेदनेवर प्रत्यक्ष परिणाम होतो. म्हणून उपचारानंतर आलेला आराम हा उपचारामुळेच आला, असे तुलनेचा गट नसताना म्हणता येत नाही. संख्याशास्त्र, अर्थशास्त्र वा शिक्षणशास्त्र शिकविणाऱ्यांना हा नियम नवा नाही.

पुढील अभ्यासांची दिशा सारखीच राहिली. १९९३ मध्ये पुलिंजर, सेलिगमन आणि गॉर्नबाइन यांनी बैठकीच्या अनेक घटकांचे एकत्रित सांख्यिकीय विश्लेषण केले. समोरच्या दातांमधील उघडी फट, वरचे दात सहा-सात मिलिमीटरपेक्षा अधिक पुढे असणे, एका बाजूची उलटी बैठक, पाच वा अधिक दाढा गेलेल्या असणे अशा मोजक्या टोकाच्या ठेवणींचा संबंध आढळला. परंतु सर्व घटक मिळून त्यांचा वाटा साधारण १० ते २० टक्क्यांच्या पलीकडे जात नव्हता. २००३ मधील कोक्रेन परीक्षणात दात झिजवून जुळविण्याने हे विकार बरे होतात किंवा टळतात, यास पुरावा आढळला नाही. २०१७ मध्ये मानफ्रेदिनी व सहकाऱ्यांनी पंचवीस अभ्यासांचे परीक्षण करून बैठकीला कारण मानण्याचा काळ संपला आहे काय, असा प्रश्न थेट शीर्षकातच विचारला.

मग कारण कोठे आहे? अमेरिकेतील 'ओपेरा' या दीर्घकालीन अभ्यासात २७०० हून अधिक निरोगी प्रौढांचा मागोवा घेण्यात आला. दरवर्षी त्यांतील सुमारे चार टक्क्यांना हा विकार नव्याने जडला. कोणाला जडेल याची पूर्वसूचना देणाऱ्या घटकांत शरीरात अन्यत्र असलेली दुखणी, बिघडलेली झोप, मानसिक ताण आणि जबड्याच्या अतिवापराच्या सवयी यांना महत्त्व होते. याचा अर्थ 'सगळे मनाचे खेळ आहेत' असाही घेऊ नये. वेदना खरी असते. ती निर्माण करणारे मार्ग अनेक असतात आणि त्यांतील काही मज्जासंस्थेतून जातात, एवढाच त्याचा अर्थ आहे.

बैठकीची भूमिका पूर्णतः शून्य आहे, असेही नाही. २००२ मध्ये फिनलंडमध्ये झालेल्या प्रयोगात काही स्त्रियांच्या दातांवर दोन आठवडे कृत्रिम उंचवटे बसविण्यात आले. पूर्वी कधी त्रास न झालेल्यांनी ते सहज पचविले. ज्यांना पूर्वी सांध्याचा विकार होता, त्यांच्या तक्रारी मात्र वाढल्या. एकच बैठक एकाला सोसते व दुसऱ्याला सोसत नाही. निर्णायक गोष्ट बैठकीपेक्षा जुळवून घेण्याची क्षमता ही आहे. अर्थात नव्याने भरलेल्या दाताची चांदी किंवा सिमेंट उंच राहिले असेल, तर ते लगेच घासून घ्यावे. ती उपचारातील उणीव दूर करणे आहे, नैसर्गिक बैठक बदलणे नव्हे.

५. उलट दिशेचा संबंध

बैठक बिघडल्याने सांधा बिघडतो, हे गृहीत धरताना नेमकी उलट शक्यता विसरली जाते. सांध्याच्या हाडाची झीज झाली की जबड्याची उंची मागच्या बाजूस कमी होते, पुढचे दात एकमेकांपासून दूर राहतात आणि समोर फट पडते. अशा रुग्णाची तपासणी केल्यास बिघडलेली बैठक आणि दुखणारा सांधा दोन्ही एकत्र दिसतात. परंतु येथे बैठक हा परिणाम असतो. पुलिंजर यांच्या विश्लेषणातील काही संबंधांचा उलगडाही असाच होऊ शकतो.

याचे अधिक ठळक उदाहरण लहान मुलांत आढळते. झाडावरून किंवा जिन्यावरून हनुवटीवर पडल्यास सांध्यात रक्तस्राव होऊन पुढे हाड हाडाला जुळते. तोंड हळूहळू उघडेनासे होते, खालच्या जबड्याची वाढ खुंटते, हनुवटी मागे राहते आणि दात वेडेवाकडे येतात. आंबा-जांभळाच्या हंगामात मुले झाडांवर असतात अशा आपल्या भागात ही माहिती प्रत्येक शिक्षकास असावी. हनुवटी फुटून टाके पडलेल्या मुलाचे तोंड पुढील काही महिने पूर्ण उघडते की नाही, हे पाहत राहणे आवश्यक आहे. वाकड्या दातांसाठी वर्षांनंतर तारा लावताना मूळ दुखापतीचा विसर पडलेला असतो.

६. सिंधुदुर्गाचा संदर्भ : तोंड न उघडण्याचे वेगळे कारण

आपल्या परिसरात या चर्चेला आणखी एक बाजू आहे. मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी या पट्ट्यात पोफळीच्या बागा आहेत आणि सुपारी हा आतिथ्याचा भाग आहे. सुपारी चघळण्याच्या सवयीतून तोंडाच्या आतील अस्तर निबर व पांढुरके होत जाते, त्याखाली तंतूंचे पट्टे तयार होतात आणि तोंड उघडणे कमी होते. या विकाराचे वर्णन श्वार्ट्झ यांनी १९५२ मध्ये केनियातील पाच भारतीय स्त्रियांच्या निरीक्षणावरून केले आणि १९५३ मध्ये एस. जी. जोशी या भारतीय तज्ज्ञांनी. १९६६ मध्ये डेन्मार्कचे येन्स पिंडबोर्ग आणि मुंबईच्या सत्यवती शिरसाट यांनी त्याचा सविस्तर आढावा घेतला. पुढे २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने, तंबाखू नसलेली सुपारीदेखील मानवात कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये गुटखा व पानमसाल्यावर बंदी घातली. घरची सुपारी अर्थातच त्या बंदीबाहेर राहते.

या विकारातील रुग्णालाही 'जबडा उघडत नाही' असेच वाटते. फरक ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. सांध्याच्या विकारात कानापुढे दुखते, आवाज येतो, आणि त्रास कमी-जास्त होतो. सुपारीच्या विकारात तिखट कालवण जिभेला व गालांना झोंबते, गालाच्या आत बोट फिरविल्यास दोऱ्यांसारखे पट्टे लागतात, आणि तोंडाची फट सावकाश पण सतत घटत जाते. त्यातून पुढे कर्करोग उद्भवू शकतो. अशा रुग्णाची बैठक सुधारण्यात किंवा सांध्यावर मलम चोळण्यात गेलेला प्रत्येक महिना वाया जातो. म्हणून या भागात 'बैठक चुकली आहे' या घाईच्या निदानाची किंमत केवळ पैशांत मोजता येत नाही.

साधी चाचणी अशी : तर्जनी, मध्यमा आणि अनामिका ही स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का पाहावे. प्रौढ व्यक्तीचे तोंड सामान्यतः ४० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक उघडते. बोटे दोनच जात असतील, तर कारण शोधले पाहिजे. महाविद्यालयाच्या आरोग्य तपासणी शिबिरात ही चाचणी समाविष्ट करण्यास कोणताही खर्च येत नाही.

७. उपचारांची दिशा

२०२३ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत दीर्घकालीन दुखण्यासाठी जबड्याचे व्यायाम, हाताने केलेली सांध्याची हालचाल, वेदनेशी जुळवून घेण्याचे मानसोपचार आणि रुग्णाला धीर देऊन केलेले स्वयंसाहाय्य यांना अग्रक्रम दिला आहे. बैठक कायमची बदलणाऱ्या प्लेटांविरुद्ध तसेच चकती काढण्याच्या शस्त्रक्रियेविरुद्ध स्पष्ट सल्ला आहे. काढता-घालता येणाऱ्या प्लेटांबाबतही सूचना अनुकूल नाहीत. रात्री दात खाणाऱ्यांच्या दातांची झीज थांबविण्यासाठी अशी प्लेट उपयोगी पडते, परंतु तो वेगळा हेतू होय.

घरच्या घरी करण्याजोगे उपाय थोडके आहेत. 'ओठ मिटलेले, दात सुटलेले' हा नियम दिवसभर आठवणीत ठेवावा. उत्तरपत्रिका तपासताना, संगणकासमोर, गाडी चालविताना दात आवळले जातात का, याकडे लक्ष द्यावे. दुखणे वाढले असता काही दिवस मऊ आहार घ्यावा. उकड्या तांदळाची पेज त्यासाठी उत्तम. ओला शेक द्यावा, जांभई देताना हनुवटीखाली हाताचा आधार द्यावा, एकाच बाजूने चावण्याचे कारण असलेली किडकी दाढ दुरुस्त करून घ्यावी. बहुसंख्य रुग्णांना एवढ्याने आराम पडतो. गेलेल्या दाढा बसवून घेणे योग्यच आहे, पण ते नीट चावता यावे म्हणून, सांधा बरा होण्याच्या हमीवर नव्हे. मुलांच्या दातांना तारा लावल्याने हा विकार होतो किंवा टळतो, या दोन्ही समजुतींना पुरेसा आधार नाही.

काही लक्षणांत मात्र थांबू नये. जखमेनंतर दातखीळ बसणे हे धनुर्वाताचे लक्षण असू शकते. श्रम करताना छातीबरोबर जबडा दुखणे हृदयविकाराचे असू शकते. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली कानशिलाची डोकेदुखी व चावताना जबड्याला येणारी वेदना दृष्टी धोक्यात आणणाऱ्या रोहिणीदाहाची सूचक असू शकते. तोंड उघडे राहून जबडा निखळल्यास ओढाताण न करता रुग्णालय गाठावे.

निष्कर्ष

१. दातांची बैठक आणि जबड्याच्या सांध्याचे विकार यांच्यात संबंध आहे, परंतु तो क्षीण असून मोजक्या टोकाच्या ठेवणींपुरता मर्यादित आहे.

२. काही रुग्णांत बिघडलेली बैठक हे कारण नसून सांध्याच्या विकाराचा परिणाम असतो.

३. झोप, ताण, अन्यत्र असलेली दुखणी आणि दात आवळण्याची सवय हे घटक बैठकीपेक्षा अधिक महत्त्वाचे आहेत.

४. वेदना हे एकमेव कारण असताना दात झिजविणे, टोप्या बसविणे यांसारखे परत न फिरविता येणारे उपचार प्रथम करू नयेत. असा सल्ला मिळाल्यास दुसरे मत घ्यावे. आपल्या जिल्ह्यातील रुग्णांना त्यासाठी बांबोळीचे गोवा दंत महाविद्यालय जवळचे आहे.

५. कोकण किनारपट्टीवर तोंड न उघडण्याच्या प्रत्येक तक्रारीत सुपारीच्या सवयीची चौकशी आणि तोंडाच्या अस्तराची तपासणी आधी व्हावी.

डोळ्यांना दिसणाऱ्या दोषाला कारण ठरविण्याचा मोह सर्वच ज्ञानशाखांत आढळतो. येथे त्या मोहाची भरपाई रुग्णाला आपल्या निरोगी दातांनी करावी लागते. त्यामुळे दंतवैद्याच्या खुर्चीत बसण्यापूर्वी 'हा उपाय परत फिरविता येईल का?' हा एक प्रश्न विचारण्याची सवय आपण स्वतःला आणि आपल्या विद्यार्थ्यांना लावून घेणे हिताचे ठरेल.